सात वाजून बारा मिनिटांचं सांबर

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो मोहफुलांच्या हंगामात, एका मंगळवारी, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी. तापमान एकवीस अंश होतं. हे मी पदरचं सांगत नाही. वेळ आणि तापमान दोन्ही फोटोच्या खालच्या काळ्या पट्टीवर छापलेलं होतं.

"अद्भुतातली प्रेमकथा लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?" असं मला हल्ली लोक विचारतात. सिंदेवाहीत विचारलं, गडचिरोलीत विचारलं. विचारताना चेहरा असा करतात, जणू मी आता धुकं, चांदणं आणि रानफुलांचा वास सांगणार. माझी प्रेरणा झाडाला पट्ट्यानं बांधलेली होती. हिरवट डबा, त्याला एक डोळा. वाघ मोजायला लावलेला कॅमेरा.

त्याआधी मी फक्त पत्रकं लिहायची. बंद पडलेली एसटी, अडवलेला वनहक्काचा पट्टा, डॉक्टर नसलेला दवाखाना. "जाहीर निषेध" हे दोन शब्द मी झोपेतही शुद्ध लिहू शकते. प्रेमावर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. प्रेमाचं निवेदन द्यायचं कोणत्या टेबलावर?

तर झालं असं. गावाभोवती कोणती जनावरं फिरतात हे दाखवायला वनखात्याचे एक साहेब लॅपटॉप घेऊन समाजमंदिरात आले. भिंतीवर पांढरी चादर लावली. वाघीण आली, लोक गप्प झाले. अस्वल आलं, पोरं हसली. मग रानडुक्कर आलं. मग मावशी आली.

मावशी बेचाळीस वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. फोटोत ती नाल्याकाठच्या दगडावर बसली आहे. तिचा पाय पलीकडच्या गावातल्या गवंड्याच्या मांडीवर, आणि तो मान खाली घालून तिच्या टाचेतला काटा काढतो आहे. मावशी हसते आहे. बस्, एवढंच! पण दोघांनी दोन हंगाम जे कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, ते आता भिंतभर झालं. साहेब घाबरले, घाईत भलतंच बटण दाबलं, आणि टाच आणखी मोठी झाली.

"साहेब, हा कोणता प्राणी व्हय?" किराणा दुकानवाला ओरडला.

"जोडीनं फिरून राह्यला, भाऊ! मोजताना दोन धरा!" मागून कुणीतरी म्हणालं.

मावशी शेवटच्या रांगेत होती. उठली, चपला हातात घेतल्या आणि गेली. ती घरी पोचायच्या आत कुणीतरी मोबाइलवर टिपलेला तो फोटो गावाच्या ग्रुपवर पोचला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नाल्याची वाट सोडली. तिची मोहाची झाडं नाल्यापलीकडे, म्हणजे फुलंही सुटली. गवंडीही सुटला. हातातली भिंत अर्धवट टाकून तो दूर कुठल्याशा कामावर निघून गेला म्हणे. मावशी घरात बसून तेच तांदूळ तीन-तीनदा निवडायची.

"तुझा काय गुन्हा झाला?" मी विचारलं.

"गुन्हा नाई वं. पण आता तिथी गेली का वाटते, झाडच मले पाहून राह्यलं."

माझं डोकं फिरलं. बसल्या बैठकीत पत्रक लिहिलं. 'जाहीर निषेध' तीन वेळा, पुढे तीन-तीन उद्गारचिन्हं. एका श्रमिक महिलेच्या खासगीपणावरील हल्ला, वगैरे. छापायला देण्याआधी मावशीला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती गावात वाटशीन हे?"

"चाळीस तरी."

"म्हणजे ज्यायले माहीत नाई, त्यायलेबी तूच सांगशीन?"

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, जे चुलीत गेलं. खरं लिहावं तर मावशी उघडी पडते, न लिहावं तर माझं पोट दुखतं. मग एकच वाट उरली, खोटं लिहायची. गोष्टीत मी एक बाई घातली. तिला शाप नाही, वर आहे: परक्या नजरेनं पाहिलं की ती सांबर होते. फक्त एका माणसाच्या डोळ्यांना ती बाई दिसते.

पहिला खर्डा मावशीनं दारात बसून ऐकला. त्यात नायक नायिकेला भेटतो आणि तिच्यापुढे पाच मागण्या ठेवतो.

"हा पिरमात पडला का उपोषणाले बसला?" मावशी म्हणाली.

"मग काय बोलेल तो?"

"बोलते कायले? काटा काढताना माणूस बोलत नाई. आधी फुंकर मारते, मग काढते, मग काटा खिशात ठेवते." आणि एकदम तिच्या लक्षात आलं आपण काय सांगून बसलो ते. "लिव, लिव. मले काय माहीत! असं असन, म्हटलं." तिनं सूप उचललं आणि आत गेली.

काटा खिशात! माझ्या कादंबरीतलं सगळ्यात वाखाणलं गेलेलं वाक्य ते. श्रेय मी घेते. हाही एक अन्यायच, पण तो मावशीनं मान्य केला आहे. नायिकेचं वय मात्र तिनं बेचाळीसवरून चाळीस करून घेतलं.

पुस्तक आलं. बचत गटाच्या बायकांनी दर बैठकीत एक प्रकरण वाचून घेतलं. नायिका कोण, हे कुणी विचारलं नाही. त्यांना काळजी होती सांबराची. चारा खातं का? बाळंत झालं तर?

पुढच्या वर्षी साहेब परत आले. तीच चादर, तेच समाजमंदिर. वाघीण आली, अस्वल आलं. मग नाल्याकाठी उभं एक सांबर आलं. मान वळवून थेट आमच्याकडे पाहणारं.

सभेत कुणी हसलं नाही. किराणा दुकानवाला तर चपलेकडे बघू लागला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला.

"पुढं चाला, साहेब," ती म्हणाली. "कोणाची तरी लेक असन. असं पाहत नाई राह्यलं पाहिजे."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी बटण दाबलं, आणि या वेळी बरोबर दाबलं. शेवटच्या रांगेतून एक हसू फुटलं. ते हसू मी ओळखते, फोटोत पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीची टोपली खुंटीवर नव्हती. आठवडाभरानं पलीकडच्या गावात एका अर्धवट भिंतीचं काम पुन्हा सुरू झालं.

म्हणून, वाचणाऱ्या बाई-भाऊहो, प्रेरणा विचारू नका. मोबाइल काढा. त्या मंगळवारचा फोटो अजून तुमच्याकडे असेल तर आत्ताच्या आत्ता पुसा, मी थांबते. आणि मोहाच्या दिवसांत नाल्याच्या वाटेनं जाल तर अस्वलासाठी करता तसा आवाज करत जा. खोका, गाणं म्हणा, कुऱ्हाडीचा दांडा झाडावर आपटा. मग थोडं थांबा. काटा निघायला वेळ लागतो.