पहिला कप धरतीला

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात याचं बाहेरच्या माणसांना भारी कौतुक. लग्न होऊन आले तेव्हा मलाही होतं. पण सासऱ्यांना, आबांना, विसर पडायला लागला तेव्हापासून त्या उघड्या चौकटी मला नकोशा झाल्या. स्वयंपाकघराला कडी नाही, आणि आत गॅस आहे.

आबांनी उभा जन्म देवळाच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवलं. आता त्यांना माझं नाव आठवत नाही, पण चहा हाताला आठवतो. उठले की ते शेगडीपाशी जायचे, बटण फिरवायचे आणि पुढं काय करायचं ते विसरून तसेच उभे राहायचे. नवरा साखर कारखान्यात, दिवसभर घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक झाला की मी सिलिंडर बंद करायची, लायटर पिठाच्या डब्यात लपवायची. आंघोळीला गेले तरी कान शेगडीकडेच असायचे. माणूस किती दिवस असा जीव मुठीत धरून राहील?

माझा भाऊ कंपनीच्या कामानं चीनला जातो. त्यानं पुएर चहाची वडी आणून दिली. भाकरीएवढी गोल, काळीभोर, दगडासारखी घट्ट. वास जुन्या पेवात साठवलेल्या ज्वारीचा. मी आपला नेहमीसारखा दूध, साखर, आलं घालून चहा खळाखळा उकळला. नवऱ्यानं एक घोट घेतला आणि म्हशीला घाल म्हणाला. भावाला फोनवर सांगितलं तर तो हसून बेजार झाला. मग त्यानं सगळं नीट समजावलं.

वडी ठेचायची नाही, चुरा झाला की चहा कडू उतरतो. बोथट सुरीचं टोक कडेनं घालून पानांचे पदर अलगद सोडवायचे. ते लहानशा भांड्यात घालून वरून उकळतं पाणी ओतायचं. हे पहिलं पाणी लगेच काढून टाकायचं. त्यानं धूळ जाते आणि दाबलेली पानं सैल होतात. दुसरं पाणी घातलं की एक श्वास घेऊन सोडायचा आणि गाळून घ्यायचं. पुढं दर खेपेला जरा जास्त थांबायचं. त्याच पानांवर सकाळभर चहा निघतो, असं तो म्हणाला. मला नेमकं ते सकाळभरच हवं होतं, आबांचे हात तेवढा वेळ गुंतून राहिले असते. आपोआप बंद होणारी विजेची किटली मी लगेच आणली.

पहिल्या दिवशी ते पहिलं पाणी मी मोरीत ओतायला निघाले, तर आबांनी माझा हात धरला. कप घेऊन ते चौकटीपाशी गेले, अंगणातल्या मातीवर ओतला आणि हात कपाळाला लावला. हॉटेलात ते रोज सकाळी पहिला कप असाच रस्त्यावर ओतायचे.

"पयला धरतीला," ते म्हणाले. "मग गिऱ्हाईक."

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून धड बोलणं ऐकलं. मला रडूच आलं. त्यानंतर रोज सकाळी ते माझ्यासमोर बसून पाणी घालायचे, गाळायचे, पुन्हा घालायचे. शेगडीकडे फिरकेनासे झाले.

मग एका सकाळी वीज गेली. किटली थंड पडली. मी गॅसवर डाळ शिजवत होते, तेवढ्यात शेजारणीनं हाक मारली म्हणून शेगडी बंद करून अंगणात गेले; सिलिंडर चालूच राहिला, लायटरही ओट्यावरच. परत वळले तर गॅसचा वास आला. आबा शेगडीसमोर उभे होते. बटण फिरवलेलं, हातात लायटर, त्यावर अंगठा.

ओरडले असते तर ते दचकले असते, आणि दचकून अंगठा दाबला गेला असता. धावून जाण्यातही तोच धोका. मी चौकटीतच थांबले आणि गिऱ्हाइकानं विचारावं तसं सहज विचारलं.

"आबा, पहिला धरतीला दिला का?"

ते थांबले. अंगठा तसाच होता. मग त्यांनी लायटर ओट्यावर ठेवला.

"न्हाई की दिला," असं पुटपुटत त्यांनी रिकामाच कप उचलला आणि माझ्या अंगावरून बाहेर गेले. मी शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला आणि तिथंच खाली बसले. दार नसल्यामुळे वास लवकर गेला, हेही खरं. बाहेर आबा रिकामा कप मातीवर उपडा करून हात कपाळाला लावत होते.

तेव्हापासून पानं सोडवता सोडवता मी रोज तोच प्रश्न विचारते. त्यांनी 'न्हाई' म्हटलं की माझा दिवस सुरू होतो.

काल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कुनाला?"

मी कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांना धरून चौकटीपाशी नेलं. कप त्यांनी चौकटीतच कलता केला, पाणी मातीपर्यंत पोचलंच नाही, उंबऱ्यावरच सांडलं.