आबाजींच्या पायाची बोटं

चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या, मग ऐका. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

मी लाखांदूरकडच्या एका खेड्यात सातवीला शिकवते. विषय माझा मराठी, पण चित्रकलेला शिक्षक नाही म्हणून तो तासही माझ्याच गळ्यात. तर एकदा मोठ्या हौसेनं सगळा वर्ग घेऊन भंडाऱ्याला निघाले, एका मूर्तिकाराची कार्यशाळा दाखवायला. एस.टी.त पोरींना उलट्या झाल्या, ते सोडा.

मूर्तिकारांनी मधोमध उभ्या पुतळ्यावरचं ओलं फडकं काढलं आणि पोरं टाचा उंचावून पाहू लागली. मातीचे आबाजी! धोतर, अनवाणी पाय, कपाळावरच्या आठ्यासुद्धा. हयात असताना आपल्या गावच्या शाळेला जमीन दिलेले हे गृहस्थ.

"आज त्याईचा नातू पाहाले येऊन राहिला," मूर्तिकार म्हणाले. "पास केलं त साचा घेतो, मंग पितळेत ओततो. नापास केलं त काम दुसऱ्याच्या घरी जाते. पोळ्यापासून राबून राहिलो जी याच्यावर. माती वली हाये, हात नोका लावू."

एवढं सांगून ते आमच्यासाठी चहा सांगायला गेले.

आता मला गप्प उभं राहता आलं नसतं का? पण नाही! "अरे, एवढ्या मोठ्या माणसासमोर नुसते काय उभे? पाया पडा!"

"मॅडम, ते हात नोका लावू म्हणले ना?" आमच्या वर्गातली हुशार सोनाली बोलली.

"नमस्काराला हात लावणं म्हणत नाहीत. रांग करा!"

झालं! सगळा वर्ग रांगेनं वाकला. आमची पोरं पाया पडतात ती मनापासून. दोन्ही हातांनी पाय चेपायचे आणि मग हात कपाळाला. रांग संपली तेव्हा प्रत्येकाच्या कपाळावर मातीचा टिळा, आणि आबाजींच्या पायांना बोटंच नाहीत! नुसते मळलेल्या कणकेचे उंडे.

त्या माणसाचं काम जाणार, आणि तेही माझ्या संस्कारांमुळे! खरं सांगते, रडूच आलं.

कोपऱ्यात मातीची बादली होती. शेवटी मीही चित्रकलेची बाई! पदर खोचला, चप्पल काढली, स्वतःचा पाय समोर ठेवला आणि पाहून पाहून एकेक बोट बसवलं. अंगठा, नखं, सगळं.

"मॅडम, सेम टू सेम!" पोरं ओरडली. मी तर फुगलेच.

चहा आणि नातू एकदमच आले. नातू म्हणजे पन्नाशीचे, धिप्पाड, मिशीवाले. चेहरा पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आबाजीच उभे हायेत जी!" मूर्तिकार खुलले, मलाही हायसं वाटलं. मग नातू पाया पडायला वाकले. वाकले ते वाकलेच.

"का हो," खालूनच त्यांनी विचारलं, "बाकी सगळं बराबर हाये. पण आमच्या आबाजीले जोडवे कायले घातले?"

मूर्तिकारांनी आधी पुतळ्याचे पाय पाहिले, मग माझे. मी साडी खाली ओढली, पण उशीर झाला होता. वर सोनालीनं खुलासाही केला, "मॅडमनं सोताचे पाहून केले जी!"

नातू इतके हसले, इतके हसले की त्यांना स्टूल द्यावं लागलं. "चेहरा पास," डोळे पुसत ते म्हणाले. "पाय तेवढे गड्याचे करा."

काम वाचलं एकदाचं! निघताना मी मूर्तिकारांची हात जोडून माफी मागितली.

"जाऊ द्या मॅडम. पोट्टे गुणाचे हायेत," ते म्हणाले. "पुढच्या सालीबी पाठवजा."

मी खूश! म्हटलं, "नक्की घेऊन येते!"

"घेऊन नोका येऊ जी," ते घाईघाईनं म्हणाले. "नुसते पाठवजा."