मारिनीचा अभिमन

आमच्या देवपुरात मोटार रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. पाटीवर लिहिलंय ‘मारिनी’. मालक अभिमन रुपचंद पाटील, माझा शेजारी. नवखा माणूस विचारतोच, हे मारिनी कुठले? मी सांगतो, इटलीचे. तो हसतो. हसू दे.

अभिमनच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा त्याच्या आईने, मंजुळाअक्काने, जुन्या चालीप्रमाणे त्याला विकायचं ठरवलं. मूल परक्याचं झालं की काळ त्याला ओळखत नाही, म्हणतात. तेव्हा सूतगिरणीत यंत्रं बसवायला आलेला मारिनी नावाचा इटालियन मिस्त्री समोरच्या खोलीत राहायचा. याच्या गावापर्यंत काळालाही वाट सापडायची नाही, हा अक्काचा हिशेब. तिने बाळ सुपात घालून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि बदल्यात त्याच्या हातून मूठभर ज्वारी घेतली. त्या बिचाऱ्याला काय कळलं असेल, देव जाणे. वर्षभरात तो मायदेशी गेला, नाव मात्र इथेच राहिलं.

अभिमन जगला. पण अक्काने त्याला कधी ‘माझा’ म्हटलं नाही. शाळेत असो की लग्नात, कुणी विचारलं की आधी दाराकडे बघायची, मग म्हणायची, मारिनीचा. लहानपणी मला त्या दाराची भीती वाटायची. खरं सांगतो, अजूनही वाटते.

मागच्या वर्षी अभिमनच्या मुलीने, रत्नाने, मोबाइलवर शोधलं. नाव थेट रोमन काळातलं निघालं, अर्थ ‘समुद्राचा’. आमची पांझरा नदी उन्हाळ्यात पाऊल भिजेल इतकीही नसते, त्यामुळे सगळे खो खो हसले. अभिमन हसला नाही. पन्नाशी उलटलेला तो गडी मला म्हणाला, इटलीचा झालो, समुद्राचा झालो, आईचा कधी होणार?

पुढे अक्काने अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी मी तिथेच होतो. अभिमन तिच्या उशाशी बसून विनवत होता, “माय, एकदाच म्हण. मना आंडोर, माझा मुलगा, एवढंच म्हण.”

तिने त्याचा हात घट्ट धरला. डोळे मात्र दाराकडे होते, आणि दारात कुणीच नव्हतं.

“हाऊ मना नही,” ती तिकडेच बघत, त्या रिकाम्या दाराला म्हणाली. “मारिनीना शे. तू मनासंगे चाल.”

ती गेली तरी त्याचा हात तिच्या मुठीतच होता. आम्हाला तो सोडवावा लागला.

परवा रत्नाचा मुलगा दुकानात खेळत होता. कोणाचा हा, असं एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं. अभिमनने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, मारिनीचा.