कूलरची झिणझिण

आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेडला आम्ही दोघीच मुली होतो. कन्हानहून रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून मी शहरातल्या महाल भागात एका काका-काकूंकडे खोली घेतली होती.

मे महिन्यात सरांनी वीज मोजायचा मल्टिमीटर शिकवला. मी स्वतःचा एक स्वस्तातला घेतला आणि दिसेल ते मोजत सुटले. एके सकाळी त्याचं एक टोक काकूंच्या कूलरच्या पत्र्याला लावलं, दुसरं मोरीतल्या लोखंडी नळाला. पत्र्यात वीज उतरत नसेल तर आकडा शून्याजवळ हवा होता. एकशे ऐंशी व्होल्ट आला. मी पुन्हा लावून पाहिलं. तेवढाच.

मी कूलरची पिन काढून काकूंना सांगितलं.

"थोडं झिणझिणते वं, एवढंच," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांपासून चालून राहिला तो." आणि पिन परत लावली.

वर्गात सरांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "आजच बंद कर तो," म्हणाले. पुढचा तास माझ्या डोक्यात काहीच शिरलं नाही.

संध्याकाळी परतले तर कूलर चालूच होता. काकू अनवाणी उभ्या राहून पाइपने त्यात पाणी भरत होत्या. एक हात जाळीवर. मी हाक मारली, त्या वळल्या नाहीत. पाइप त्यांच्या हातातून गळून पडला आणि पाणी फरशीवर पसरत माझ्याकडे येऊ लागलं. त्यांना ओढायला माझा हात पुढे गेलाही होता. कसाबसा आवरला आणि व्हरांड्यात पळत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले. आत काकू धपकन खाली बसल्याचा आवाज आला.

त्या वाचल्या. तळहातावर दोन काळे डाग राहिले आणि बोटं पुढे कित्येक दिवस नीट मिटेनात.

इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तर गळती वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार कापून, टेप गुंडाळून भिंतीत कोंबलेली. कोणी केलं, असं त्याने विचारलं.

"त्या तारेपायी दर उन्हाळ्यात फ्यूज उडे," काका म्हणाले. "मीच कापली."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्यांनी मला मल्टिमीटर घेऊन बोलावलं. तीन घरांत आकडा शंभराच्या वर होता. तिसऱ्या घरातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, मला सरबत दिलं. घरात लहान मूल आहे, इतक्या उन्हात कूलर कसा बंद करणार, म्हणाल्या. पावसाळ्यात पाहू.

मी जिना उतरले तेव्हा वर कूलर चालूच होता.