तुरीचा पाला

लढाईच्या दिवसांत वडगावात आमच्या शेजारी एक आबा राहायचे. बांधावरच्या तुरीवरून हात फिरवत म्हणायचे, "डाळीत ताकद, पाल्यात औषध. तुरीवानी झाड न्हाई!"

घरात डाळ त्यांच्या ताटात पडायची, डाळ भरडून उरलेली चुणी म्हशीला जायची आणि सुनेला आमटीचं वरचं पाणी. तिचं तोंड सारखं यायचं. मग आबा स्वतः तुरीचा पाला तोडून आणायचे आणि "चाव, बरं वाटंल" म्हणत समोर उभे राहायचे.

एकदा मी तिच्यासाठी वाटीभर बिनतिखटाचं घट्ट वरण नेलं. आबांनी ते दारातच घेतलं, उभ्यानंच संपवलं, बोटानं निपटून वाटी माझ्या हातात दिली.

"तिला नगं, बाई," ते म्हणाले. "तोंड आलंय तिचं. झोंबंल."