लातूरला ठेवलेला बिट्टू

सांगलीहून पहाटे निघालो तेव्हा व्हॅनमध्ये आम्ही दोघं, धपाट्यांचा डबा आणि मागच्या सीटवर बिट्टू. बिट्टू म्हणजे आमचा कुत्रा. खरं तर आमच्या लेकीचा. लग्न होऊन ती परदेशी गेली आणि निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, माझं पोर सांभाळ." जावई शेजारीच उभे होते, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. पहिली चौकशी बिट्टूची, दुसरी बाबांची. माझा नंबर कधी लागतो, कधी लागत नाही.

बिट्टूला एकच खोड. मोकळा झाला की पळतो. एका दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाला तो मिरज स्टेशनाच्या मागं सापडला, पाय मोडून घेऊन. त्या दिवसापासून त्याच्या गळ्यात साखळी आली ती आलीच. अंगणात साखळी, घरात साखळी, गाडीतही साखळी.

लेकीचं लग्न झाल्यावर माहूरला जाऊन रेणुकेची ओटी भरायची राहिली होती. कुलदैवत आमचं, किती दिवस टाळणार? बेत सोपा होता. लातूरला नणंदेकडे बिट्टूला ठेवायचं, पुढं नांदेड, माहूर, आणि येताना त्याला उचलायचं. तिच्या नवऱ्याची नुकतीच तिकडं बदली झाली होती. "खुशाल आणा," वन्सं म्हणाल्या होत्या. पण त्या म्हणाल्या उन्हाळ्यात आणि आम्ही निघालो ऐन थंडीत.

सोलापूर सोडलं, तुळजापूरचा घाट चढलो, आणि औशाकडं रान बदललं. काळीभोर जमीन, कमरेएवढी ज्वारी, मधे करडईचे काटेरी पट्टे आणि तुरीवर पिवळा रंग. रस्त्याकडेला मधूनच सिमेंटच्या एकसारख्या घरांच्या रांगा दिसायच्या. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, ही तेव्हा नव्यानं वसवलेली गावं. गंमत म्हणजे बऱ्याच पक्क्या घरांपुढं पत्र्याचं एक शेड होतं, आणि बाजा त्या शेडातच टाकलेल्या होत्या. "एवढी घरं बांधून दिली तरी लोक पत्र्याखाली कशाला झोपतात?" मी विचारलं. हे म्हणाले, "तू विचार जाऊन." यांची ही नेहमीची युक्ती.

लातुरात शिरलो तर गावभर क्लासच्या पाट्या. फिजिक्स, केमिस्ट्री, पुन्हा फिजिक्स. सायकलींवर पोरं-पोरी एका क्लासातून सुटून दुसऱ्याकडे धावत होती. वन्संचं दार उघडलं आणि त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या तिन्ही खोल्यांत बारावीच्या मुली भाड्यानं राहत होत्या. टीव्हीवर चादर घातली होती. कुकर लावायचा तोसुद्धा मुली क्लासला गेल्यावर.

बिट्टूनं वास घेतला आणि एकदाच भुंकला. तीन दारं उघडली, तीन चष्मे बाहेर आले.

"वहिनी, रागावू नका," वन्सं कानात बोलल्यासारखं बोलल्या, "पण यंदा नाही हो जमणार. बारावीचं वर्ष आहे."

"अहो वन्सं, बारावी त्यांची आहे. तुमची आहे का?"

"आता घरात आहे म्हणजे माझीच की."

आम्ही कुत्रं घेऊन गावात फिरलो. लॉजवाल्यानं साखळी बघूनच मान हलवली. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणाला, "ताई, इथं म्हशीला जागा न्हाई, कुत्र्याला कुठून देऊ?" दिवस कलायला लागला. गडावर कुत्रं नेता येत नाही, एवढ्या लांब येऊन ओटी न भरता परतायला माझा जीव होईना. वन्संच्या बोळात येऊन मी यांच्यावर ओरडत होते, कारण जवळ दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेतलेल्या एक बाई आल्या. वन्संकडच्या मुलींचे डबे त्यांच्या खानावळीतून येत. ठसठशीत कुंकू, नऊवारी, पायांत रबरी चप्पल. बिट्टूनं सरळ त्यांच्या पिशवीत नाक घातलं. मी साखळी ओढली.

"वढू नका की," त्या म्हणाल्या. "भुकेजलंय ते. काय झालंय तुमचं?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी डबे खाली ठेवले, भाकरीचा एक कुटका मोडून बिट्टूपुढं धरला. "ठिवा माझ्याकडं. पन्नास पोरं जेवत्यात, त्यात हे एक. लई काय?"

वन्सं म्हणाल्या, "खुशाल ठेवा वहिनी. कौसाबाई आहेत त्या. औशापलीकडचं यांचं गाव भूकंपात गेलं. माणूस खात्रीचं आहे." खात्री वगैरे ठीक, पण लेकीचं पोर असं बोळात भेटलेल्या बाईच्या हाती द्यायचं? तरी दिलं. अडला हरी म्हणतात तशातली गत. खानावळीच्या दारातल्या लिंबाला मी स्वतः साखळी बांधली, ओढून पाहिली आणि बजावलं, "काही झालं तरी सोडायचं नाही. पळतो तो." कौसाबाई "बरं" म्हणाल्या. शेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर घेतला, रात्री वन्संकडेच पडलो आणि सकाळी नांदेडचा रस्ता धरला.

अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. गोदावरीच्या घाटावर बसून हातपाय धुतले, एका छोट्या हॉटेलात गरम ताहरी (मसाल्याचा पिवळा भात) खाल्ली. यांनी दोनदा मागितली. मी माझीही यांच्याकडं सरकवली. संध्याकाळी एसटीडी बूथ गाठला. बूथ चालवणारे पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. पलीकडं किराणावाल्यानं हाक मारून कौसाबाईंना बोलावलं.

"कसा आहे हो बिट्टू? बांधलाय ना?"

"न्हाई. मोकळाच हाय की. आमच्याकडं बांधत न्हाईत."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पलीकडून कौसाबाई शांतपणे "बरं, बरं" म्हणत होत्या, आणि त्या "बरं"चा अर्थ "न्हाई" असाच होता, हे मला पुरतं कळत होतं. शेवटी चाचांनीच काचेवर टकटक केली. "ताई, फोनवर भांडू नका. मीटर पळून राहिलंय. आधी पाणी प्या, मग खाली रस्त्यावर उभं राहून जितकं भांडायचं तितकं भांडा, साहेब हाईत की." त्यांनीच चहा मागवला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं ते त्या बूथच्या पायरीवर.

माहूरचा गड हिरव्या डोंगरात आहे, वाट सुरेख आहे, आणि मला त्यातलं फारसं आठवत नाही. देवीच्या शेंदरी मुखासमोर उभी राहिले. लेकीचा संसार, जावयाची नोकरी, यांचं ब्लडप्रेशर, मागायचं बरंच ठरवून आले होते. ओटी भरली, हात जोडले आणि तोंडातून निघालं, "आई, तेवढा बिट्टू पळू देऊ नको." प्रसादाचा तांबूल (कुटलेला विडा) तोंडात टाकला. हे बाजूला उभे राहून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

परतीच्या वाटेवर नांदेडला सकाळी पुन्हा त्याच बूथवर. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला, तेच. चाचा नुसते म्हणाले, "निघा. फोनपेक्षा गाडी बरी." यांनी व्हॅन अशी हाणली की मलाच सांगावं लागलं, हळू.

लातूर गाठलं. सगळं गाव बंद. मेन रोडची दुकानं बंद, क्लास बंद, रिक्षा नाही, चिटपाखरू नाही. कर्फ्यू लागलाय की काय, कळेना. वन्संच्या दाराला कुलूप. किराणा बंद. कौसाबाईंच्या खानावळीला कुलूप, आणि लिंबाच्या खिळ्याला बिट्टूची साखळी लटकत होती. नुसती साखळी. मी ती हातात घेतली आणि खालीच बसले. रविवारी लेकीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

खानावळीच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर रिकामा डबा. आंध्रातून आलेले, क्लासवर फिजिक्स शिकवणारे राव सर. "मॅडम," ते त्यांच्या मराठी-हिंदीत म्हणाले, "आज पूरा लातूर शेतात गया. आज यळवस."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर-उस्मानाबादकडचा हा सण. त्या दिवशी घराला कुलूप लावून अख्खं गाव रानात जातं, ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. वन्संनी कधीतरी सांगितलंही असेल, पण आमच्या डोक्यात कशाला राहतंय? आणि कौसाबाईंनी सांगितलं नाही, कारण येळवस ठाऊक नसलेलं माणूस जगात असेल हे त्यांच्या मनातच आलं नसणार.

"कुत्रा?" मी विचारलं.

"वो पण गया. मावशी के साथ, टेम्पोमध्ये. मला बी बोलावलं. मी बोला, पेपर सेट करना है." त्यांनी रिकाम्या डब्याकडं पाहिलं. "अब भूक लागली. बस नहीं, ऑटो नहीं. रास्ता मालूम है."

"मग बसा की गाडीत," हे म्हणाले.

औसा ओलांडलं. सरांनी दाखवलेल्या बैलगाडीवाटेनं आत वळलो. वाटेत भूकंपात गेलेल्या जुन्या गावाची जागा लागली; बाभळीत दडलेला दगडमातीचा ढीग आणि मधे एक उभा लिंब. त्याच्या पलीकडं हिरवं रान, आणि रानारानात माणसं.

शेताच्या मधोमध कडब्याची कोप (ताटांची छोटी खोप) उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा केली होती. आणि त्या कोपीच्या सावलीत, उताणा, चारी पाय वर करून, बिट्टू झोपला होता. गळ्यात काही नव्हतं. मी हाक मारली. त्यानं एक डोळा उघडला, शेपटी दोनदा आपटली आणि मग धावत येऊन माझ्या अंगावर पडला. मी तिथंच मातीत बसून त्याला कुरवाळत रडत होते, आणि रडून झाल्यावर कौसाबाईंवर तुटून पडले. "बांधा म्हणून सांगितलं होतं ना मी तुम्हाला? पळाला असता म्हणजे?"

"पळाला हुता की," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी. जेवायच्या टायमाला आला परत."

मग त्या माझ्याजवळ बसल्या. आवाज चढवला नाही.

"ताई, तुमचं खरं हाय. पर माझ्यानं न्हाई झालं. त्या पहाटं आमच्या दावणीला दोन बैलं हुती, गाय हुती, आन् राखणीचं कुत्रं दाराशी बांधलेलं. सुटं असतं तर गेलं असतं कुटं बी. बांधल्यालं एक बी उठलं न्हाई. मी आत दबलेली, ते साखळी वढल्यालं मला ऐकू येत हुतं. लई येळ." त्यांनी बिट्टूच्या मानेवरून हात फिरवला. "तवापासनं कुणालाच बांधवंना. दारालाबी रातच्याला कडी लावत न्हाई मी."

पक्की घरं सोडून लोक पत्र्याखाली का झोपतात, याचं उत्तर मला मिळालं होतं, न विचारता.

"जेवा आता," त्या म्हणाल्या. भज्जी (पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची घट्ट मिसळ), बाजरीचे उंडे, वर गाडग्यातलं गार आंबील. तीन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. राव सर तर बोलायचेच बंद झाले होते. वन्संही पलीकडच्या बांधावरून आल्या, त्यांच्या मागं बारावीच्या तीनही मुली. त्या बिट्टूच्या मागं तुरीतून पळत होत्या, आणि त्यांना कुणी गप्प बसा म्हणत नव्हतं.

निघताना मी कौसाबाईंच्या पाया पडले. त्या संकोचल्या, माझ्या हातात भज्जीचा डबा कोंबून म्हणाल्या, "पुढल्या येळवशीला या. आन् ह्येला आना."

सांगलीला पोचलो. सवयीनं बिट्टू अंगणातल्या खुंटीपाशी गेला आणि साखळीसाठी मान खाली घालून उभा राहिला. इतकी वर्षं तो असाच उभा राहत असणार, मी कधी पाहिलंच नव्हतं. मी साखळी हातात घेतली. मला काही ती अडकववेना. फाटक तेवढं लावून घेतलं.

रविवारी लेकीचा फोन आला. "आई, बिट्टू कसा आहे? बांधलाय ना गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "आमच्याकडं बांधत न्हाईत."