रिजेक्ट काकांनी भरलेला आवाज

रिजेक्ट काकांनी स्वतःच्या एकसष्टीचा केक परत पाठवला होता. कापायच्या आधी त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, केकची दोन्हीकडची उंची मोजली आणि तो आणणाऱ्या जावयाला म्हणाले, "डावीकडे बसलाय. रिजेक्ट." मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जावई बिचारा पेटत्या मेणबत्त्यांसकट केक घेऊन जिना उतरला आणि आम्ही टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच धरून उभे! शेवटी काकूंनी शिरा केला. शिरा मोजता येत नाही म्हणून तो पास झाला.

ओझरच्या विमान कारखान्यात काकांचा जन्म तपासणी खात्यात गेला. "विमान आकाशात थांबवून नट आवळता येत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण तपासणीतून कसले होतायत! सिडकोतल्या आमच्या सोसायटीत भेंडी, जिन्याचा रंग, कुणाच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं आणि बहुतेक रिजेक्ट व्हायचं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही.

मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते आणि मागच्या खोलीत संगीत करते. भीमगीतं, खानदेशी लग्नाची गाणी, निवडणूक आली की दोन्ही पक्षांचा प्रचार. एके दिवशी काका तक्रार घेऊन वर आले. मला वाटलं, आवाज मोठा झाला असेल. तर म्हणे, "तुझ्या ढोलाचा पहिला ठोका आणि चौथा ठोका एकच आहे. माणूस असा वाजवतो का कधी?" मी म्हटलं, काका, माणूस नाहीच, हा सॅम्पलर आहे. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर. कुठलाही आवाज रेकॉर्ड करून त्यात भरायचा आणि पेटीसारख्या पट्ट्यांवर पसरायचा. पट्टी दाबली की तो आवाज वाजतो; डावीकडे गेलं की जाडा होतो, उजवीकडे गेलं की बारीक. काकांनी विचारलं, "कुठलाही?" मी हो म्हटलं, आणि इथेच आमच्या सोसायटीची शांतता संपली.

दुसऱ्या दिवशी ते पितळी तांब्या घेऊन हजर. मग दाराची कडी, मग मिक्सर, मग शेजारच्या अण्णांची शिंक. जावयाचा जुना लॅपटॉप आला, कीबोर्ड आला. पुढे घरोघरी जाऊन कुकरच्या शिट्ट्या रेकॉर्ड करायची मोहीम निघाली. "वहिनी, तुमची शिट्टी शेवटी घसरते, रिजेक्ट," असं ऐकून घेतलेल्या बायका आजही ते विसरलेल्या नाहीत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर काकांनी त्याच शिट्ट्यांवर एक देशभक्तीची धून वाजवली. दुसऱ्या ओळीला निम्म्या बायका गॅस बंद करायला घराकडे पळाल्या. चेअरमन चिडले, पण काकांची कळी खुलली होती. "प्रत्येकीला आपली शिट्टी ओळखू आली," म्हणाले. "माल एक नंबर."

सॉफ्टवेअरशी मात्र त्यांचं रोज वाजायचं. दर शनिवारी ते सगळ्या फोल्डरांची नावं कारखान्याच्या पद्धतीने बदलायचे, आणि रविवारी सॅम्पलर सांगायचा, फाइल सापडत नाही. "सापडत नाही म्हणजे काय? कालपर्यंत इथेच कामाला होती!" लॅपटॉप दमला की पट्टी दाबल्यावर आवाज जरा वेळाने यायचा. काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "दाबला सिडकोत, येतोय पिंपळगाव बसवंतहून." मग मी खाली जाऊन सेटिंग बदलायची, आणि काकू चहा ठेवायच्या.

काकू मूळच्या नामपूरच्या. पाहुण्यांशी त्या अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, पण राग आला की थेट अहिराणी. आणि राग रोज यायचा, कारण घरात काका होते. तो आवाज काय वर्णावा! कोपऱ्यावरचा भाजीवाला हातातला तराजू खाली ठेवायचा. काका उलट एक शब्द बोलत नसत. पेपर वाचत बसायचे आणि मधूनच मान हलवायचे.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. त्या बऱ्या होतील, पण आवाज राहणार नाही.

त्या दिवशी काका वर आले आणि बसलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, "तुझ्या त्या यंत्रात माणूस बसतो का गं?"

"माणूस नाही काका, आवाज बसतो."

"तेच म्हणतोय मी."

ऑपरेशनच्या आधी काकूंचा सगळा आवाज भरून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. बेडरूमच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, माइक उभा केला. काकू पैठणी नेसून आल्या. मी म्हटलं, "काकू, फक्त आवाज घ्यायचाय." तर म्हणाल्या, "असू दे गं. जातोय ना तो, नीट जाऊ दे." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच वायरी बघत बसले.

पण माइक समोर येताच काकूंची वाचाच बसली.

"हं, बोल," काका म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही म्हणजे काय? जन्मभर गप्प बस, गप्प बस केलं आणि आता म्हणे बोल! तुम्हनं डोकं फिरी गयं का?"

स्क्रीनवरची रेघ थेट लाल. काकांनी हात वर केला. "आवाज फाटला. रिजेक्ट."

मी कळवळून म्हटलं, "अहो काका, ह्याच तर आपल्या काकू! ठेवा ना हे." ऐकतील तर शपथ. "पोरी, रिजेक्ट माल लाइनवर ठेवत नाहीत. चुकून विमानाला लागतो." त्यांनी ते पुसलं आणि वर रीसायकल बिनही रिकामी केली. पुढचे दिवस हेच. काकू चिडल्या की रिजेक्ट, हसल्या की रिजेक्ट, वाक्याच्या मध्ये "थांबा, दूध उतू जातंय" आलं की रिजेक्ट. पास काय झालं? "या, बसा." "चहा घेणार?" "छान झालंय हं." "जेवून घ्या." "सावकाश जा." एकेक वाक्य असं स्वच्छ की मोती ओघळावा.

ऑपरेशन नीट झालं. घशाला लावून बोलायचं एक यंत्रही मिळालं होतं. काकूंनी ते एकदा लावून पाहिलं, त्यातून निघालेला आवाज ऐकून हात जोडले आणि कपाटात ठेवून दिलं. डायनिंग टेबलावर काकांचा कीबोर्ड आला. भेटायला येणाऱ्यांना काकू पट्टी दाबून "या, बसा" म्हणायच्या, आणि पाहुण्यांना बसायचं की रडायचं ते कळायचं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. दूधवाल्याने पाणी घातलं. काकू संतापून टेबलाकडे गेल्या, सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, पण घरात एकही कडक शब्द शिल्लक नव्हता. शेवटी कीबोर्डने सांगितलं, "छान झालंय हं." दूधवाला खूश! दुसऱ्या दिवशी आणखी पाणी.

पण काकूंनीही हार मानली नाही. एकदा काका चिखलाच्या चपला घालून थेट स्वयंपाकघरात आले. काकूंनी डावीकडची शेवटची पट्टी मुठीने हाणली. विहिरीच्या तळातून कुणी राक्षस ओरडावा तसं आलं, "जेऽऽवूऽऽन घ्याऽऽ!" दारात कुरिअरवाला उभा होता. तो पार्सल टाकून जो पळाला, तो सहीलाही परत आला नाही. तेव्हापासून रागासाठी डावी बाजू आणि टोमण्यासाठी उजवी. उजवीकडून "सावकाश जा" डासासारखं यायचं, आणि ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. काकूही खांदे हलवून हसायच्या.

काका हसत नव्हते. ते जेवेनासे झाले, तपासेनासे झाले. सोसायटीत कुणीतरी वाकडी कुंडी आणून ठेवली, तिच्याजवळून ते सरळ निघून गेले. एका दुपारी माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ बोटांशी खेळत राहिले.

"पोरी, घरात एक पाहुणी राहतेय," म्हणाले. "फार गोड बोलते. मला घाबरायला होतं गं तिच्यासमोर."

मी हेडफोन काढून ठेवला.

"रिजेक्ट केलेलं परत आणता येतं का?"

या माणसाने उभ्या आयुष्यात एकदा दिलेला शेरा मागे घेतला नव्हता. पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर त्यांच्या लॅपटॉपवर लावलं, दिवसभर चालवलं. हाती लागलं काय, तर कुकर. जिथे काकू होत्या त्या जागेवर काकांनी नंतर आणखी शिट्ट्या भरल्या होत्या. काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, "स्क्रॅप नीट झालंय. माझंच काम आहे."

आता माझी एक खोड सांगते. मी काही म्हणजे काहीच पुसत नाही. काका त्यावरून मला ताडताड बोलायचे, "तुझी हार्ड डिस्क म्हणजे भंगारवाल्याचं गोदाम आहे." त्या गोदामात मी शोधत बसले. काकूंच्या आजारपणाच्या कितीतरी आधी एका भीमगीताचं रेकॉर्डिंग चाललं होतं, उकाड्याने खिडकी उघडी राहिली होती आणि ऐन कोरसमध्ये खालून काकूंचा आवाज घुसला होता. गाणारे चिडले होते, आम्ही ते पुन्हा घेतलं होतं. तो वाया गेलेला टेक जागच्या जागी होता! गाणं काढता येईल तेवढं काढलं. ढोलकी मात्र काही केल्या निघेना.

काकांना ऐकवलं. खरखर, लांबून आल्यासारखा आवाज, खाली ढोलकीचा ठेका आणि त्यावर काकू, फाटलेल्या, अस्सल नामपूरच्या: "वला टॉवेल आठे कसाले टाका? बठ्ठी गादी वली व्हयी गयी! तुम्हले काही समजस का नही? मी मरसू तवय समजी तुम्हले!"

तपासणी खात्यातला कुठलाही माणूस तो माल हातात धरणार नाही. मी म्हटलं, "काका, ढोलकी थोडी राहिलीय."

"राहू दे," काका म्हणाले.

आम्ही त्याची चार वाक्यं चार पट्ट्यांवर लावली. काकूंनी पहिली पट्टी दाबली. स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी तोंडावर हात धरला, मग ओळीने चारही पट्ट्या दाबल्या आणि काकांकडे बोट रोखलं. काका उठून बेडरूममध्ये गेले. गादीवर टॉवेल नव्हता. तरी बघून आले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढे ते चांगले चालते-फिरते होते. एका सकाळी पेपर वाचता वाचता गेले, हूं नाही की चूं नाही. तपासायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्यांना. मला अजून जिन्यात त्यांची आठवण येते आणि राग येतो, इतक्या घाईने जाण्याचा.

काकू आता एकट्याच असतात. लेक-जावई बोलावतात, त्या जात नाहीत. रोज सकाळी खालून ढोलकीवर टॉवेलचं वाक्य येतं. मग गादीचं. तिसरं वाक्य, "तुम्हले काही समजस का नही?", आलं की त्या थांबतात. उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा. चौथी, मरणाची पट्टी त्या कधी दाबत नाहीत.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन राहायला आलेल्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "ताई, तुमच्या खाली सकाळी सकाळी कोण भांडतं हो?"

"काकू. काकांशी."

"पण काकांचा आवाज काही येत नाही."

"ते ऐकून घेतात," मी म्हटलं.